समोरची गाडी डुलत असेल तर

गेल्या फेब्रुवारीत कराडला मावसभावाच्या मुलीचा साखरपुडा आटोपून आम्ही रात्री साडेनऊच्या सुमारास कोल्हापूरकडे निघालो. गाडी मी चालवत होतो, शेजारी वहिनी होत्या, मागे आई आणि माझी मुलगी बसली होती. पेठ नाका ओलांडून काही अंतर आल्यावर समोर एक पांढरी मोटार दिसू लागली. ती डावीकडच्या लेनमधून कसलाही इशारा न देता उजवीकडे सरकत होती, दुभाजकाला आता घासणार असे वाटेपर्यंत जात होती आणि मग झटका बसल्यासारखी पुन्हा डावीकडे येत होती. वेग मध्येच चाळिसावर येई, मध्येच नव्वदच्या पुढे जाई. उसाचा हंगाम अजून संपलेला नव्हता, त्यामुळे कडेने दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर चालले होते आणि त्यांतल्या कित्येकांना मागे दिवा नव्हता की रिफ्लेक्टर. अशाच एका ट्रॉलीच्या हातभर अंतरावरून ती मोटार निघून गेली, तेव्हा मागून आई फक्त "अरे देवा" एवढेच म्हणाली.

त्या वेळी मी जे केले ते चुकीचे होते. मी त्या गाडीच्या जवळ गेलो, डिपर मारले आणि हॉर्न वाजवत राहिलो. चालकाला सावध करावे, असा माझा हेतू होता. त्याने मात्र कचकन ब्रेक दाबला, आमच्या दोन गाड्यांमध्ये जेमतेम एका गाडीपुरती जागा उरली आणि मग तो पहिल्यापेक्षाही जोरात सुटला. "भाऊजी, तुम्ही मागं व्हा. मी फोन लावते," असे म्हणून वहिनींनी ११२ क्रमांक लावला. पलीकडच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "जिल्हा कोणता?" आणि त्या साध्या प्रश्नावर आम्ही चौघेही गप्प झालो. पेठ नाका सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात. वारणेचा पूल ओलांडला की कोल्हापूर जिल्हा सुरू होतो. पूल गेला की यायचा आहे, हे अंधारात कोणाच्याच लक्षात नव्हते. शेवटी मुलीने फोनवर नकाशा उघडून पाहिला आणि पूल दोन-तीन किलोमीटरवर आहे, असे सांगितले. वहिनींनी ते तसेच पुढे सांगितले: आत्ता सांगली जिल्हा, पण पाच मिनिटांत कोल्हापूर जिल्हा, पुणे-बेंगळुरू महामार्ग, गाडी किणी टोल नाक्याच्या दिशेने जाते आहे, पांढरी मोटार, क्रमांकाचे शेवटचे चार आकडे अमुक. आम्ही वारणा ओलांडत असतानाच पोलिसांच्या गाडीतून वहिनींना उलटा फोन आला आणि त्यांनी गाडीचा क्रमांक पुन्हा विचारून घेतला. टोल नाक्याच्या पुढे ती पांढरी मोटार कडेला उभी केलेली दिसली, शेजारी पोलिसांची जीप होती. आम्ही न थांबता पुढे आलो.

तो माणूस प्यायला होता का, हे पोलिसांनी आम्हाला सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. त्या रात्रीपासून मी या गोष्टीचा बराच विचार केला आहे. रस्त्यावरच्या माणसाने आपला निकाल देण्याची घाई करू नये, हे मला तेव्हा कळले. समोरची गाडी धोकादायक रीतीने चालली आहे, एवढे आपल्याला दिसते. तिचा चालक दारू प्यायला आहे, हा आपला तर्क असतो. रक्तातील साखर एकदम उतरलेला मधुमेही चालक अगदी झिंगल्यासारखा गाडी चालवू शकतो; त्याला घाम फुटलेला असतो, बोलणे अडखळत असते आणि आपल्याला काही झाले आहे हे त्याला स्वतःलाही उमगत नाही. पक्षाघाताची सुरुवात, फिटचा झटका, सलग चौदा तास गाडी चालवून आलेली डुलकी, हातातला मोबाईल, यांपैकी कशानेही गाडी अशीच डुलते. महामार्गाच्या सहापदरीकरणामुळे जागोजागी वळवलेल्या रस्त्यावर नवखा चालक गोंधळूनही तसा वागतो. उसाने खच्चून भरलेल्या दोन ट्रॉल्यांचे मागचे टोक तर चालक कितीही शुद्धीत असला तरी थोडेफार हलतेच. म्हणून फोनवर "एक दारुडा चाललाय" असे सांगण्याऐवजी "गाडी दोनदा दुभाजकाला लागता लागता राहिली, वेग सारखा कमीजास्त होतो आहे" असे सांगावे. कारण कोणतेही असो, ती गाडी थांबणे आवश्यक असते. आणि आत बसलेला माणूस आजारी असेल तर त्याच्यासाठी ते अधिकच आवश्यक असते.

तरीही काही खुणा अशा आहेत की त्या एकत्र दिसल्या तर वाट पाहू नये. लेनच्या पट्ट्यावरून सतत इकडेतिकडे जाणे, कारण नसताना ब्रेक मारणे आणि कारण असताना उशिरा मारणे, रात्री हेडलाइट बंद ठेवून चालवणे, वळण गरजेपेक्षा फार मोठे घेणे, सिग्नल हिरवा झाल्यावर बराच वेळ तसेच उभे राहणे, आणि सर्वांत भयंकर म्हणजे उलट्या दिशेने येणे. रिकाम्या रस्त्यावर अगदी जपून, वीस-पंचवीसच्या वेगाने, रस्त्याच्या मधोमध चाललेली गाडीसुद्धा या खुणांत धरली पाहिजे. आपण घेतली आहे याची जाणीव असलेला माणूस पुष्कळदा असा हळू चालवतो आणि हळू चालवतो म्हणून आपण सुरक्षित आहोत, असे त्याला वाटते.

अशी गाडी पुढे असेल तर तिला पुढेच राहू द्यावे. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते. म्हणजे समोरच्याने अचानक ब्रेक दाबला आणि आपला पाय ब्रेकवर जायला एक सेकंद लागला, तर तेवढ्यात आपण पाच मोटारींच्या लांबीइतके पुढे गेलेलो असतो. एरवी दोन-तीन सेकंदांचे अंतर पुरते, अशा वेळी त्याच्या दुप्पट ठेवावे. तिला ओलांडून पुढे जाण्याचा मोह अनेकांना होतो. कटकट मागे पडली, असे आपल्याला वाटते; पण आता ती गाडी आपल्या पाठीशी असते आणि ती काय करते आहे हे आपल्याला आरशात तेवढे दिसते. ती मागून येत असेल तर डावीकडे होऊन, वेग कमी करून तिला जाऊ द्यावे, किंवा एखाद्या उजेडातल्या पेट्रोल पंपावर आत वळावे. पाठलाग मुळीच करू नये. पोलीस येईपर्यंत गाडी नजरेच्या टप्प्यात राहिली तर उत्तम. पण त्यासाठी आपल्याला सिग्नल तोडावा लागत असेल किंवा वेग वाढवावा लागत असेल, तर तिथेच थांबून शेवटची दिशा कळवावी. एका बेभान गाडीच्या मागे दुसरी धावू लागली की रस्त्यावरच्या बाकीच्यांना दोन गाड्यांपासून जीव वाचवावा लागतो.

फोन शक्यतो शेजारच्याने करावा. एकटेच असाल तर गाडी सुरक्षित जागी उभी करून करावा, कारण गाडी चालवताना हातात मोबाईल धरणे हा मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमाखाली स्वतंत्र गुन्हा आहे आणि धोका तर आहेच. ११२ हा पोलीस, अग्निशामक दल आणि रुग्णवाहिका यांच्यासाठीचा एकत्रित क्रमांक आहे. राज्यासाठीचे त्याचे मुख्य केंद्र नवी मुंबईत आहे. तिथून माहिती जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे आणि जवळच्या पोलीस गाडीकडे जाते. आपण कोल्हापूरकर मात्र रस्ता आपल्या घरच्या खुणांनी सांगतो. "कावळा नाक्यावरून तावडे हॉटेलकडे निघालाय" हे वाक्य आपल्यासाठी पुरेसे स्पष्ट असते, पण नवी मुंबईत फोन उचलणाऱ्या माणसाने कावळा नाका कधी पाहिलेला नसतो, आणि त्याच्यासमोरच्या नकाशावर तेथे ताराराणी चौक असे लिहिलेले असण्याची शक्यता अधिक. म्हणून आधी जिल्हा, मग तालुका किंवा शहर, मग रस्ता, मग दिशा, असे सांगत यावे. दिशेला "तिकडे" म्हणू नये. पुण्याच्या दिशेने की कागलच्या दिशेने, गगनबावड्याकडे की शहराकडे, असे सांगावे. महामार्गावर किलोमीटरचा दगड दिसला तर तो आकडा सोन्यासारखा असतो. गाडीचा पूर्ण क्रमांक मिळाला नाही तरी एमएच ०९ आहे की केए २२, रंग कोणता, मोटार आहे की टेम्पो, मागच्या काचेवर काय लिहिले आहे, एवढ्याने पुढच्या चौकातला पोलीस गाडी ओळखू शकतो. आपल्याकडे मागच्या काचेवर घराण्याचे नाव, देवाचे नाव किंवा तालमीचे नाव नसलेली गाडी शोधावी लागते, त्याचा असा उपयोग होतो. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ही मदतवाहिनीही आहे, आणि टोल नाका जवळ असेल तर तेथील कर्मचाऱ्यांना सांगता येते. गाडी अडवण्याचा अधिकार त्यांना नसतो, परंतु महामार्गाच्या गस्ती पथकाला ते कळवू शकतात.

समजा ती गाडी आपोआप थांबली, चौकात धडकून थांबली किंवा लोकांनी अडवली, तर पुढे काय होते ते कोल्हापुरात आपण सर्वांनी पाहिले आहे. पन्नास माणसे जमतात, दार उघडून चालकाला ओढले जाते आणि प्रत्येक जण हात धुऊन घेतो. त्या रागामागचे दुःख मला समजते. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली, असे केंद्र सरकारचा अहवाल सांगतो, आणि त्यांतला एखादा आपल्याही गल्लीतला असतो. परंतु मारहाणीने न्याय होत नाही, उलट खटला दुबळा होतो. मद्याचा पुरावा रक्तात आणि श्वासात असतो आणि तो दर तासाला विरत जातो. शरीर साधारणपणे तासाला १०० मिलिलिटर रक्तामागे १५ मिलिग्रॅम एवढेच मद्य जाळते. मर्यादेच्या थोडा वर असलेला माणूस जमावाच्या तावडीतून सुटून, जखमा बांधून घेऊन दोन तासांनी तपासणीला पोचला, तर तो मर्यादेच्या आत आलेला असू शकतो. कायद्यानुसार या गुन्ह्यात अटक झालेल्याची दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हावी लागते, नाहीतर त्याला सोडून द्यावे लागते. म्हणून जमलेल्यांपैकी एकाने फोन करावा, दोघांनी रस्त्यावरची वाहतूक सांभाळावी, कोणी जखमी असेल तर १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी, आणि चालकाला फक्त पुन्हा चाकामागे बसू देऊ नये. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याने पोलिसांच्या चौकशीला भिण्याचे कारण नाही. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आलेल्या १३४ अ या कलमाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे.

शिक्षेविषयी लोकांत पुष्कळ गैरसमज आहेत. "पावती फाडली की सुटतो" हे दारू पिऊन गाडी चालवण्याच्या बाबतीत खरे नाही. मोटार वाहन कायद्याचे १८५ वे कलम तडजोडीच्या गुन्ह्यांच्या यादीत नाही, त्यामुळे न्यायालयात जावेच लागते. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्याची आहे. हा आकडा किती लहान आहे, ते हिशेब केल्यावरच ध्यानात येते. ६० मिलिलिटरच्या एका मोठ्या पेगमध्ये साधारण २० ग्रॅम शुद्ध मद्य असते. सत्तर किलो वजनाच्या पुरुषाने तो रिकाम्या पोटी भरभर घेतला तर एवढ्यानेच तो ३० च्या वर जाऊ शकतो. आणि "मी फक्त बिअर घेतली" असे जे सांगतात, त्यांची स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची एक बाटली अशा दोन मोठ्या पेगांइतकी भरते. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याने तोंड धुणे, ताक, पान, यांनी तोंडाचा वास कमी होईल, झोप उडेल. रक्तातले मद्य मात्र एका मिलिग्रॅमनेही लवकर उतरत नाही.

येथे एका शब्दाविषयी बोलल्यावाचून मला राहवत नाही. दर १ जानेवारीला वर्तमानपत्रांत "इतक्या तळीरामांवर कारवाई" असा मथळा येतो. तळीराम हा शब्द लाडिक आहे. तो वाचताना डोळ्यांसमोर रंगभूमीवरचा, झोकांड्या खाणारा, लोकांना हसवणारा माणूस उभा राहतो. दीड टन लोखंड ताशी ८० च्या वेगाने घेऊन निघालेल्या माणसाला हा शब्द शोभत नाही. त्याला मद्यधुंद चालक म्हणावे, आरोपी म्हणावे. त्याच्यावर हसू आणणारे नाव देऊ नये.

आता जे सर्वांत अवघड आहे त्याविषयी. महामार्गावरच्या अनोळखी गाडीबद्दल फोन करणे सोपे असते. ज्याची गाडी आपल्याच अंगणात उभी आहे, जो आपला मित्र आहे, मेव्हणा आहे, साहेब आहे, त्याला थांबवणे अवघड जाते. खरे तर धोकादायक चालकाला थांबवण्याची सर्वांत चांगली जागा रस्ता ही नव्हेच. ती जागा म्हणजे त्याने चप्पल पायात घालून खिशात किल्ली चाचपली, तो क्षण. कोल्हापुरात रस्सा मंडळे आहेत, शेतातल्या जेवणावळी आहेत, गटारीच्या आधीचा आठवडा आहे. चुलीवर तांबडा-पांढरा शिजत असतो, कोणी भाकरी थापत असतो, आणि बाटलीही असते. जेवणाला माझी हरकत नाही. जेवण झाल्यावर "मी नेतो की गाडी" असे म्हणणाऱ्याला बाकीचे सगळे "सावकाश जा रं" एवढे सांगून निरोप देतात, त्याला माझी हरकत आहे. असा गुन्हा करण्यास साहाय्य करणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे, असे याच कायद्याचे १८८ वे कलम सांगते. प्यायलेल्या माणसाच्या हातात समजून-उमजून आपल्या गाडीची किल्ली ठेवणाऱ्याने हे लक्षात घ्यावे.

मागच्या पावसाळ्याआधी राधानगरी रस्त्याला एका मित्राच्या शेतावर आम्ही आठ-नऊ जण जमलो होतो. त्यांतल्या एकाने रात्री आठ ते बारा या वेळात पाच मोठे पेग घेतले. तो माझा शाळेपासूनचा मित्र, चालवायला तरबेज, आजवर एक ओरखडा नाही. निघताना मी त्याची किल्ली उचलली आणि माझ्या खिशात टाकली. "आण हिकडं. माझं मला कळतंय," तो म्हणाला. मी त्याच्याशी वाद घातला नाही, तू प्यायलास असेही म्हटले नाही. प्यायलेल्या माणसाला ते पटवून देणे व्यर्थ असते आणि चारचौघांत तर त्याचा हट्ट वाढतो. मी एवढेच सांगितले की मला रात्री एकट्याने परत जायचे नाही, म्हणून आज सगळेच इथे झोपणार आहेत. मोठ्याने हसून, चिडून, शेवटी शिवी देऊन तो खोपीत जाऊन आडवा झाला. सकाळी सहाला उठून त्याने पुन्हा किल्ली मागितली. डोळे स्वच्छ होते, चालणे सरळ होते. पण तासाला १५ मिलिग्रॅमच्या हिशेबाने त्याच्या रक्तात तेव्हाही मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट मद्य असणार, हे मला माहीत होते. रात्रीच्या झोपेने सगळे उतरते, हा समज फार पक्का आहे आणि सकाळी शाळेच्या बसगाड्या रस्त्यावर असतात. दहा वाजता, पिठलं-भाकरी खाऊन झाल्यावर मी त्याला किल्ली दिली.

त्यानंतर महिनाभर तो माझ्याशी बोलला नाही, आणि अजूनही त्याच्या बोलण्यात पूर्वीचा मोकळेपणा आलेला नाही. त्याच्या पत्नीचा मात्र दुसऱ्याच दिवशी दुपारी फोन आला. "परवा रातच्याला यांची किल्ली तुम्ही काढून घेतलीसा म्हणं?" त्यांनी विचारले. मी हो म्हटले आणि पुढे काय ऐकावे लागेल या विचाराने थांबलो. थोडा वेळ त्या काहीच बोलल्या नाहीत. मग "बरं केलासा, भावोजी," एवढे म्हणून त्यांनी फोन ठेवला.